नदीचा हिशेब कोणाच्या वहीत?

(औंढे, ता. मावळ येथे पाणीप्रश्नावर भरलेल्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी मला जो विषय नेमून देण्यात आला आहे, त्याचे नाव ऐकूनच एखाद्याला जांभई यावी. ‘नदीखोऱ्याच्या व्यवस्थापनात प्रतिमानांचा वापर आणि लोकांचा सहभाग’. यातला ‘प्रतिमान’ हा शब्द तज्ज्ञांच्या खोलीतला आणि ‘सहभाग’ हा शब्द सरकारी परिपत्रकातला. दोन्ही शब्द आपल्या ओटीवर सहसा येत नाहीत. तरीही मी हा विषय आनंदाने स्वीकारला. या दोन शब्दांच्या आड जो प्रश्न दडलेला आहे, तो औंढ्याच्या जगण्याचा प्रश्न आहे. नदीचा हिशेब कोणी ठेवायचा, तो कोणाच्या वहीत असायचा आणि ती वही कोणाला उघडून पाहता यायची, हा तो प्रश्न होय.

प्रथम आपण कोठे बसलो आहोत हे पाहू. औंढे खुर्द काय, औंढे बुद्रुक काय, दोन्ही गावे सह्याद्रीच्या माथ्यालगतची. लोणावळ्याच्या या पट्ट्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या पुढे पाऊस पडतो. येथून पुण्याला पोहोचेपर्यंत तो सातशेच्या आसपास येतो आणि भीमेच्या मधल्या अवर्षणप्रवण पट्ट्यात पाचशे-साडेपाचशेवर थांबतो. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरावर पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी होते. म्हणजे तुमच्या प्रत्येक हेक्टरावर दर पावसाळ्यात चार कोटी लिटर पाणी उतरते. असे असूनही मावळातल्या डोंगरउतारावरच्या वाड्यावस्त्यांत चैत्र-वैशाखात हंड्यासाठी पायपीट करावी लागते. जेथे पाऊस मोजता मोजत नाही तेथे पाणी नाही, ही विसंगती निसर्गाने निर्माण केलेली नाही. पाणी पडते, आणि ते जाते. ते कोठे जाते, कोणाच्या निर्णयाने जाते, याचा हिशेब मात्र गावापाशी नाही.

हा हिशेब शंभर वर्षांपूर्वीच एकाने मांडला होता. येथल्या पावसाचे पाणी लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांत अडवून घाटाखाली खोपोलीला पाचशे मीटरांवर उंचीवरून सोडले, तर त्यातून वीज निर्माण होईल आणि मुंबईच्या गिरण्या चालतील, हे ते गणित. १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. त्यानंतर १९२२ साली आंध्रा खोऱ्याच्या पाण्यावर भिवपुरीचे आणि १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे. टाटांच्या या योजना अभियांत्रिकीच्या दृष्टीने थोर होत्या, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांचे गणित नीट पाहा. जे पाणी स्वभावतः पूर्वेला भीमेत आणि भीमेतून कृष्णेत जायचे, ते पश्चिमेला कोकणात वळविले गेले. कृष्णा पाणीतंटा लवादाच्या १९७६ सालच्या अंतिम निवाड्यात या वळणाला वर्षाला सरासरी सुमारे ४२ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली गेली. हा आकडा किती मोठा? सोलापूर जिल्ह्याची जीवनरेखा मानल्या जाणाऱ्या उजनी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ५३ अब्ज घनफुटांचा आहे. म्हणजे त्याच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक.

त्या गणितात गिरणीची वीज होती, भागधारकांचा लाभांश होता. मुळशी खोऱ्यातल्या पन्नासच्या वर गावांची भातखाचरे मात्र त्यात केवळ ‘संपादनाचा खर्च’ म्हणून आली. १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला, तो या गणिताविरुद्ध. मावळ्यांचे म्हणणे साधे होते. आमच्या जमिनीचे मोल ठरविताना आम्हाला कोणी विचारले? तो लढा हरला. धरण झाले. पण तो प्रश्न पाण्याखाली गेला नाही.

तो पुन्हा वर आला तो या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, पवनेच्या खोऱ्यात. पवना धरण १९७२ साली पुरे झाले. त्याच्या विस्थापितांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अर्धे शतक उलटूनही पुरता सुटलेला नाही. धरणातून नदीपात्रात पाणी सोडायचे आणि पिंपरी-चिंचवड शहराने ते रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलायचे, अशी व्यवस्था होती. वाटेवरच्या गावांची शेती त्याच वाहत्या पात्रावर उभी राहिली. पुढे धरणापासून शहरापर्यंत सुमारे ३४ किलोमीटरांची बंद नळवाहिनी टाकण्याची योजना आली. शहराचे म्हणणे असे, की नळातून पाणी आणले तर गळती आणि घाण दोन्ही वाचतील. शेतकऱ्यांचे म्हणणे असे, की पाणी नळात गेले तर नदी कोरडी पडेल आणि आमच्या पाणी उचलणाऱ्या योजना बंद होतील. ९ ऑगस्ट २०११ रोजी, म्हणजे क्रांतिदिनी, बऊर येथे द्रुतगती महामार्गावर या प्रश्नासाठी शेतकरी उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तिघे मृत्युमुखी पडले, त्यांत एक शेतकरी भगिनी होती. योजनेला स्थगिती मिळाली. ती २०२३ साली उठविण्यात आली.

मित्रहो, त्या दिवसाचे स्मरण मी भावना चेतविण्यासाठी करीत नाही. मला एक अवघड गोष्ट सांगायची आहे. नळवाहिनी झाल्यावर पवनेच्या पात्रात नोव्हेंबरात किती पाणी उरेल, मार्चात किती, मेमध्ये किती? नदीकाठच्या कोणत्या गावापाशी पातळी किती फुटांनी उतरेल? या प्रश्नांना उत्तरे असतात. ती गणिताने काढता येतात. परंतु शहर आणि गाव या दोघांनी एकत्र बसून तपासलेला आणि दोघांनाही मान्य असलेला असा हिशेब त्या वादात कधीच मध्यभागी आला नाही. एका बाजूला भीती होती, दुसऱ्या बाजूला आश्वासन होते, आणि भीती व आश्वासन यांच्यामध्ये बंदूक आली. जेथे सामायिक हिशेब नसतो, तेथे अखेर बळाचा हिशेब चालतो.

आता ‘प्रतिमान’ म्हणजे काय ते पाहू. ज्याला इंग्रजी शिकलेले लोक मॉडेल म्हणतात ते हेच. खडकवासल्याला १९१६ साली मुंबई प्रांताच्या सरकारने सुरू केलेले जल-संशोधन केंद्र आहे. तेथे धरणांच्या सांडव्यांच्या, नद्यांच्या, बंदरांच्या लहान प्रतिकृती मातीत आणि सिमेंटात उभारून त्यांत प्रत्यक्ष पाणी सोडले जाते आणि प्रवाह कसा वागतो ते पाहिले जाते. हे झाले डोळ्यांना दिसणारे प्रतिमान. दुसरे प्रतिमान आकड्यांचे. पडलेला पाऊस चार वाटांनी जातो. काही वाहून जातो, काही मुरतो, काही वाफ होऊन उडतो, काही तळ्यात, विहिरीत, जमिनीच्या ओलीत शिल्लक राहतो. या चार वाटांची बेरीज पडलेल्या पावसाइतकी आलीच पाहिजे. खळ्यावरची रास, बियाणे, पेव आणि देणे यांचा मेळ तुम्ही दरवर्षी घालता, तसाच हा मेळ. संगणक हा मेळ शेकडो गावांसाठी, दर तासाला, काही क्षणांत घालतो. आणि त्याला विचारता येते : येथे नळ टाकला तर काय होईल? येथे डोंगर सपाट करून बंगले बांधले तर ओढ्याला पूर किती वाढेल आणि विहिरीला पाणी किती घटेल? हे विचारण्याची सोय हेच प्रतिमानाचे खरे सामर्थ्य होय. धरण बांधून मग चूक कळण्यापेक्षा ती कागदावर कळलेली केव्हाही स्वस्त.

परंतु येथेच सावध झाले पाहिजे. प्रतिमान आकड्यांत बोलते म्हणून ते निःपक्षपाती असते असे मानण्याची चाल पडली आहे. तशी वस्तुस्थिती नाही. पाणी कमी पडले तर आधी कोणाचे तोडायचे, हा क्रम प्रतिमानात आधीच भरावा लागतो. नदीच्या पात्रात उन्हाळ्यात किमान किती पाणी राहिले पाहिजे, तो आकडा भरावा लागतो. त्या रकान्यात शून्य भरले तर यंत्र मुकाट्याने नदी कोरडी करून दाखवील आणि उत्तर ‘योग्य’ येईल. शून्य भरणारा हात यंत्राचा नसतो, माणसाचा असतो. भूमिहीन मजुराच्या नावाचा रकानाच वहीत नसेल, तर त्याच्या वाट्याला किती आले हा प्रश्नच उपस्थित होत नाही. गणितात अशी मूल्ये दडलेली असतात. म्हणून प्रतिमानातली समीकरणे तज्ज्ञांनी लिहावीत, पण त्यातले क्रम आणि किमान मर्यादा लोकांनी ठरवाव्यात, असे माझे म्हणणे आहे.

दुसरी सावधगिरी अशी. कृष्णा आणि भीमा या खोऱ्यांसाठी नदीचे प्रवाह आणि धरणांचे विसर्ग यांचा आगाऊ अंदाज देणारी संगणकीय यंत्रणा शासनाने गेल्या दशकात उभारली. पाऊस आणि पाण्याची पातळी आपोआप नोंदविणारी केंद्रे बसली. हे काम आवश्यकच होते. परंतु ही यंत्रणा उभी राहिल्यानंतरही २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले आणि ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी नाव उलटून माणसे बुडाली. मी यंत्रणेला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. पुराचा आकडा पुण्याच्या कचेरीत आला आणि तो गावाच्या भाषेत, गावाच्या ओळखीच्या खुणेत उतरला नाही, तर त्याचा उपयोग अर्धाच होतो. ‘विसर्ग इतके हजार घनफूट’ हे सांगून गोठा रिकामा होत नाही. ‘पाणी उद्या दुपारी देवळाच्या तिसऱ्या पायरीला लागेल’ हे सांगितले तर होतो. आणि ती तिसरी पायरी किती मीटरांवर आहे हे गावाने आधी मोजून यंत्रणेला कळवलेले असावे लागते. लोकांचा सहभाग म्हणतात तो हा. सभेच्या वहीत अंगठे घेणे म्हणजे सहभाग नव्हे.

अंगठ्यांचा विषय निघालाच आहे, तर स्वतःचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कचेरीत मी एका तलावातून दरमहा किती पाणी सुटले याचे आकडे मागावयास गेलो. तेथले गृहस्थ सज्जन होते. चहा पाजला आणि म्हणाले, ‘आकडे घेऊन तुम्ही काय करणार? ते तांत्रिक असतात.’ त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. आकडे ही आपल्या खात्याची मालमत्ता आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ही प्रामाणिक समजूत दुष्टाव्यापेक्षा मोडायला कठीण असते.

कायदे झाले आहेत, हे मान्य केले पाहिजे. २००५ साली महाराष्ट्राने दोन कायदे केले. एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले, दुसऱ्याने पाणीवापर संस्थांना शेतकऱ्यांकडून सिंचनाची व्यवस्था चालविण्याचा अधिकार मिळाला. पण पहिल्या कायद्याने ‘नदीखोरे अभिकरण’ म्हणून कोणाला नेमले? पाटबंधारे विकास महामंडळांनाच. म्हणजे ज्याने धरण बांधायचे त्यानेच खोऱ्याचा न्यायनिवाडा करायचा. त्याच कायद्यात सांगितलेल्या राज्याच्या एकात्मिक जल आराखड्याला मंजुरी मिळायला २०१८ साल उजाडले. खोऱ्याच्या संस्थेत खोऱ्यातला माणूस नाही, ही या रचनेतली मूळ उणीव आहे.

तरीही या महाराष्ट्रात वेगळे घडले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. जमीन किती यावर पाणी ठरवायचे नाही, घरात माणसे किती यावर ठरवायचे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. ऊस घ्यायचा नाही. हेही एक प्रतिमानच होते, आणि त्यातले पहिले समीकरण न्यायाचे होते. नाशिक जिल्ह्यात ओझरला बापू उपाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतर पाणीवापर संस्था उभ्या केल्या. तेथे शेतकऱ्यांनी घनमापाने पाणी मोजून घेतले, आपसांत वाटले आणि पट्टी भरली. पुढे वाघाड प्रकल्पाच्या सर्व लाभक्षेत्रात हे काम पसरले. नगर जिल्ह्यात हिवरे बाजारला ग्रामसभा दरवर्षी पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी पाहून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून रब्बीला काय पेरायचे ते ठरविते. या तिन्ही ठिकाणी संगणक आधी आला नाही. आधी आली ती मोजण्याची सवय, आणि मोजलेले चारचौघांत वाचून दाखविण्याची रीत.

आता दोन आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा, की शेतकऱ्याला हे गणित कळणार नाही. याचे उत्तर नायगाव आणि ओझर यांनी दिले आहे. शिवाय उलट प्रश्नही विचारता येतो. कोणता झरा शिमग्याला आटतो आणि कोणता मृगापर्यंत टिकतो, जुना ओढा कोणत्या बांधाखालून वाहत होता, २००५ च्या जुलैत पाणी कोठवर चढले होते, हे तज्ज्ञाला ठाऊक आहे काय? प्रतिमान खरे की खोटे हे ताडण्यासाठी त्याचा अंदाज प्रत्यक्षाशी जुळवून पाहावा लागतो. ते प्रत्यक्ष तुमच्याजवळ आहे. तुमच्याशिवाय ते गणित अपुरे राहते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आपण आपल्यालाच घ्यायला हवा. लोकांच्या हाती हिशेब दिला तर प्रत्येक गाव ‘पाणी आमचे’ म्हणेल. वरच्यांनी अडवायचे, खालच्यांनी रडायचे. मावळातला पाऊस मावळचाच, असे आपण म्हणू लागलो तर टाटांच्या गणितात आणि आपल्या गणितात फरक तो काय राहिला? येथून निघालेली इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पवना मुळेतून, मुळा-मुठेतून भीमेतच जाते. तेथून उजनी, पंढरपूर आणि पुढे कर्नाटक. माढ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा आणि पिंपरीच्या चाळीत पाण्याची वाट पाहणाऱ्या कामगार स्त्रीचाही या पाण्यावर हक्क आहे. तो मान्य करूनच आपला हक्क मागितला पाहिजे. सबंध खोऱ्याचा हिशेब एका वहीत हवा, तो याचसाठी. गावापुरता हिशेब स्वार्थ शिकवितो. खोऱ्याचा हिशेब खालच्या गावाचे तोंड दाखवितो.

मग औंढ्याने काय करावे? मोठे काही नाही. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी ठरावीक वेळी मुलांकडून त्याची नोंद करवून घ्या. ओढ्यावरच्या पुलाच्या खांबावर मीटरांच्या खुणा रंगवा. गावातल्या दहा विहिरी निवडून पौर्णिमेला-अमावास्येला त्यांतली पातळी दोरीने मोजा. किती नव्या विंधनविहिरी झाल्या, किती उतार सपाट झाले, याची यादी ठेवा. पाण्यासाठी किती चालावे लागते हे बायकांना विचारून लिहा, आणि ते लिहिण्याचे काम बायकांकडेच द्या. ही वही दर ग्रामसभेत मोठ्याने वाचा. दोन पावसाळे हे केलेत, की तुम्ही अधिकाऱ्याकडे अर्जदार म्हणून जाणार नाही, तुमचे आकडे घेऊन जाल. मग मागणी करा, की भीमा खोऱ्याचे जे प्रतिमान सरकारजवळ आहे, त्यातला औंढ्याचा भाग मराठीत, समजेल अशा रीतीने ग्रामसभेपुढे मांडा. त्यात कोणते क्रम धरले, नदीसाठी किती पाणी राखले, ते सांगा. आमची वही आणि तुमचे यंत्र यांत तफावत असेल तर दोन्ही पुन्हा तपासू. नवा नळ, नवा बांध, नवी वसाहत यांना परवानगी देण्यापूर्वी हा हिशेब समोर आलाच पाहिजे. आणि ही वही पवनेच्या गावांशी, आळंदीच्या गावांशी, जमल्यास उजनीच्या गावांशी ताडून पाहा.

मोजण्याने अन्याय आपोआप दूर होईल असे मी म्हणत नाही. लढा द्यावाच लागेल. मुळशीत लोक निर्भय होते, बऊरलाही निर्भय होते, तरी त्यांच्या हाती हिशेब नव्हता. निर्भय माणसांच्या हाती हिशेब आला तर काय होते, हे पाहण्याची संधी या पिढीला आहे. पावसाळा तोंडावर आला आहे. पर्जन्यमापकाला फारसा खर्च येत नाही. तो येत्या रविवारी बसवावा आणि पहिली नोंद कोणी करायची ते आजच, ही सभा उठण्यापूर्वी ठरवावे, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.